काविळीच्या रिपोर्टातले तीन आकडे

"कावीळ उतरून राह्यली ना जी?" रिपोर्ट हातात देताना हा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे कोणी कावीळ म्हणतं, कोणी पिलिया, पण बोट जातं ते बिलिरुबिनच्या ओळीवर. मागच्या खेपेला सहा होतं, आता चार आलं, म्हणजे माणूस सुधारला, असा घरच्यांचा हिशेब. तालुक्याच्या गावी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करताना हा हिशेब मी सतत ऐकते, आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण ज्याचं लिव्हर आधीच आकसून गाठीगाठीचं झालं आहे, त्याच्या बाबतीत तो घात करतो. बिलिरुबिन उतरत असताना त्याच फाइलमधले दुसरे दोन आकडे चढत असू शकतात, आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

ते दोन आकडे म्हणजे आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) आणि क्रिएटिनिन (किडनीचं माप). बिलिरुबिनसोबत या दोघांना एका सूत्रात गुंफून माणसाकडे किती वेळ उरला आहे याचा अंदाज बांधता येतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले भारतीय वंशाचे लिव्हरतज्ज्ञ डॉ. पॅट्रिक कामथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं. (आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलचा याच्याशी संबंध नाही. हे मेयो क्लिनिक मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावचं.) या सूत्राला मेल्ड म्हणतात: मॉडेल फॉर एंड-स्टेज लिव्हर डिसीज. लिव्हर बदलायच्या रांगेत पुढे कोण, हे आज जगात अनेक ठिकाणी या आकड्यावरून ठरतं. आपल्या भागात त्याचं नावही फारसं कोणाला ठाऊक नाही. खरं तर मेल्डला लागणाऱ्या तिन्ही तपासण्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात होतात.

आधी कावीळ आणि कावीळ यांतला फरक सांगते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपोआप बरी होते. गरोदर बाईला झालेली ई प्रकारची कावीळ मात्र जिवावर बेतू शकते, तिला घरी ठेवूच नये. बाकीच्यांचे डोळे काही आठवड्यांत पांढरे होतात. तोवर कोणी गळ्यात माळ घातलेली असते, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवलेलं असतं, कोणी सकाळी अनशापोटी मुळी दिलेली असते. श्रेय त्यांना जातं. मग पुढे ज्याला खरोखर लिव्हरचा जुनाट आजार आहे, त्यालाही त्याच दारी नेतात, कारण शेजारचा तिथेच बरा झाला होता. मला या लोकांचा राग येत नाही. विश्वास अनुभवातूनच बसलेला असतो. फक्त तो अनुभव वेगळ्या आजाराचा असतो.

जुनाट आजाराला डॉक्टर सिऱ्होसिस म्हणतात. वर्षानुवर्षं लिव्हरला इजा होत राहिली की जखम भरून येताना तिथे घट्ट व्रण बनतात. इजा दारूने होते, हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंनी होते, साखरेचा आजार आणि लठ्ठपणा यांसोबत लिव्हरमध्ये साठणाऱ्या चरबीने होते, आणखीही कारणं आहेत. पोटातल्या आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हर कडक झालं की त्या रक्ताला वाट मिळत नाही. पाटात गाळ साचून पुढचा रस्ता बुजला की पाणी मागे तुंबतं, बांध फोडतं, नको त्या वावरात शिरतं. इथे तसंच होतं. तुंबलेल्या दाबाने पोटात पाणी साचतं. अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटून रक्ताची उलटी होते. लिव्हरला वळसा घालून गेलेलं न गाळलेलं रक्त मेंदूपर्यंत पोहोचतं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलं.

मेल्डचा जन्म या तुंबलेल्या दाबातूनच झाला. असा दाब उतरवायला एक उपाय आहे, टिप्स नावाचा. मानेतल्या शिरेतून तार खाली लिव्हरपर्यंत नेतात, लिव्हरच्या आतच दोन शिरांमध्ये आडवाट पाडतात आणि तिथे जाळीदार नळी बसवतात. तुंबलेलं रक्त मोकळं होतं, रक्तस्राव थांबतो. पण तेवढं रक्त आता लिव्हरला न भेटताच पुढे जातं. लिव्हरमध्ये दम उरला असेल तर माणूस ते सोसतो, नसेल तर नळी उत्तम बसूनही तीन महिन्यांत दगावतो. मग कोणाला नळी बसवावी आणि कोणाला बसवू नये? मायकेल मॅलिंचॉक, कामथ आणि त्यांच्या गटाने टिप्स झालेल्या २३१ रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि कोण किती जगलं याच्याशी कोणत्या गोष्टींचा पक्का संबंध आहे ते शोधलं. २००० मध्ये तो अभ्यास छापून आला. चार गोष्टी हाती लागल्या होत्या: बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि आजाराचं कारण.

पुढच्याच वर्षी कामथ यांनी विचारलेला प्रश्न मला त्या पहिल्या अभ्यासापेक्षा मोठा वाटतो. हे सूत्र फक्त नळी बसवलेल्यांनाच लागू आहे, की सिऱ्होसिसच्या कोणत्याही रुग्णाला? त्यांनी ते चार निरनिराळ्या गटांवर लावून पाहिलं: दवाखान्यात भरती असलेले, घरून येऊन-जाऊन उपचार घेणारे, पित्तनलिकांच्या एका वेगळ्या आजाराचे, आणि १९८४ ते १९८८ या जुन्या काळातले १,१७९ रुग्ण. दोन रुग्ण शेजारी ठेवले तर तीन महिन्यांत आधी कोण दगावेल, हे सूत्राने शंभरात साधारण ७८ ते ८७ वेळा बरोबर सांगितलं. माणसाच्या आयुष्याबद्दल बोलताना तीन साध्या रक्ततपासण्यांनी एवढं सांगावं, ही लहान गोष्ट नाही.

चौथी गोष्ट, आजाराचं कारण, पुढे सूत्रातून काढून टाकली. ती काढली तरी अंदाज फारसा बिघडला नाही. इथे मला थोडं थांबायचं आहे. आमच्याकडे लिव्हर खराब म्हटलं की पहिला शब्द दारू. ज्याने आयुष्यात मोहाच्या दारूची चवही घेतली नाही, हिपॅटायटिस बीमुळे ज्याचं लिव्हर गेलं, त्याच्या बायकोलाही बाजारात ऐकून घ्यावं लागतं. आणि जो खरोखर प्यायचा, त्याच्याबद्दल "केलं तसं भरलं" म्हणून नातेवाईक हात आखडता घेतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, पण बंदी असलेल्या गावातही लिव्हरचे रुग्ण आहेत. रोग कसा आला हे इलाज ठरवायला लागतं: दारू सोडायची की विषाणूची गोळी सुरू करायची. पण माणूस किती गंभीर आहे, हे सांगताना मेल्ड तो प्रश्न विचारत नाही.

मेल्डच्या आधी काय होतं? १९६४ मध्ये चाइल्ड आणि टरकॉट या शल्यविशारदांनी एक वर्गवारी केली, १९७३ मध्ये पग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुधारली. तिच्यात पाच गोष्टी होत्या, आणि त्यांतल्या दोन डोळ्यांनी ठरवायच्या: पोटात पाणी थोडं आहे की जास्त, आणि मेंदूवर परिणाम किती. आजही ही वर्गवारी खाटेजवळ उपयोगी पडते. पण एका डॉक्टरचं थोडं दुसऱ्याचं जास्त असू शकतं, आणि अवयव एक असून मागणारे दहा असतात तेव्हा डोळ्यांच्या अंदाजावर वाद होतो. मेल्डमधला एकही आकडा नजरेच्या अंदाजाने ठरत नाही.

तर ते तीन आकडे. बिलिरुबिन हे जुन्या लाल पेशी मोडल्यावर निघणारं पिवळं द्रव्य. लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं. टाकणं कमी पडलं की डोळे पिवळे. आयएनआर सांगतो की रक्त गोठायला किती वेळ लागतो. निरोगी माणसाचा एकच्या आसपास असतो. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं लिव्हर बनवतं, आणि त्यांतलं एक तर काही तासांतच अर्धं संपतं, म्हणून लिव्हरचं उत्पादन बसलं की आयएनआर लवकर वर जातो. क्रिएटिनिन हे खरं तर किडनीचं माप. लिव्हरच्या सूत्रात किडनी कशाला, असं कोणीही विचारेल. पोटातला दाब वाढल्यावर तिथल्या शिरा सैल पडतात, रक्त तिकडेच अडकतं आणि किडनीला कमी मिळतं. किडनी मुळात धडधाकट असली तरी रक्ताविना काम सोडू लागते. सिऱ्होसिसच्या माणसाचं क्रिएटिनिन चढू लागलं की आजार लिव्हरच्या बाहेर पडला, असं समजायचं.

आता हिशेब. सूत्रात या आकड्यांचे नैसर्गिक लॉगॅरिथम (कॅल्क्युलेटरवरचं ln) घेतात, म्हणजे किती वाढलं यापेक्षा किती पट झालं याला महत्त्व. बिलिरुबिन दोनचं चार झालं काय किंवा सहाचं बारा झालं काय, गुण सारखेच वाढतात. बिलिरुबिनच्या लॉगला ३.७८ ने गुणायचं, आयएनआरच्या ११.२ ने, क्रिएटिनिनच्या ९.५७ ने, तिन्हींची बेरीज करून ६.४३ मिळवायचे. एकपेक्षा कमी असलेला आकडा एक धरायचा, आणि क्रिएटिनिन चारच्या वर मोजायचं नाही. उत्तर साधारण ६ ते ४० च्या दरम्यान येतं. हे हाताने करायची गरज नाही, मोबाइलवर कॅल्क्युलेटर मिळतात. पण गुणाकाराच्या त्या संख्या पुन्हा बघा. बिलिरुबिन दुप्पट झालं तर मेल्ड अडीचच्या आसपास वाढतो. क्रिएटिनिन दुप्पट झालं तर साडेसहाने, आणि आयएनआर दुप्पट झाला तर जवळपास आठने. पूर्ण घर ज्याच्यावर डोळे लावून बसलेलं असतं तो पिवळेपणा, पटीला पट धरली तर तिघांत सगळ्यात हलका.

एक उदाहरण घेऊ. बिलिरुबिन ३, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.२: मेल्ड १९. पंधरा दिवसांनी बिलिरुबिन आणि आयएनआर तेच, पण क्रिएटिनिन २ झालं: मेल्ड २४. डोळे आधी होते तेवढेच पिवळे. घरचे म्हणतील, फरक नाही. फरक केवढा, ते २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसतं. अमेरिकेत लिव्हरची वाट बघणाऱ्या ३,४३७ रुग्णांपैकी तीन महिन्यांत किती दगावले हे त्यात मोजलं होतं. मेल्ड ९ किंवा कमी असलेल्यांत शंभरी दोन. १० ते १९ मध्ये सहा. २० ते २९ मध्ये जवळपास वीस. ३० ते ३९ मध्ये निम्म्याहून जास्त, आणि ४० किंवा त्यापुढे एकाहत्तर. चढण सरळ नाही, वर जाताना ती उभी होत जाते. ही गटांची टक्केवारी आहे; एखाद्या माणसाच्या कपाळावर ती लिहिलेली नसते, आणि तो तिच्याबाहेरही जाऊ शकतो. पण उशीर किती महाग पडतो ते यातून कळतं.

अमेरिकेत आधी लिव्हर वाटताना रुग्णांचे दोन-तीन ढोबळ गट पाडत आणि एकाच गटात जो जास्त दिवस यादीत, त्याला प्राधान्य देत. ऐकायला न्याय्य वाटतं: रांगेत आधी उभा राहिला, त्याला आधी. पण मग डॉक्टर फारसा आजार नसलेल्यांचीही नावं लवकर टाकून ठेवत, म्हणजे दिवस भरत जातील. आणि झपाट्याने बिघडत चाललेला नवा माणूस मागेच राहून मरे. वाट पाहण्याच्या काळाचा आणि मरणाच्या धोक्याचा संबंध नाही, हे तपासून पाहिल्यावर तिथल्या सरकारने गरजेला पहिलं स्थान द्यायला सांगितलं. २७ फेब्रुवारी २००२ पासून मेल्डवर वाटप सुरू झालं आणि यादीत वाट पाहता पाहता मरणाऱ्यांचं प्रमाण घटलं. ज्यांच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे त्यांचा मेल्ड कमी असला तरी धोका मोठा असतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे गुण ठेवले.

इथवर सगळं नीट. आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे, ती.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. ज्याच्या अंगावर मांस जास्त, त्याच्यात ते जास्त बनतं. म्हणजे किडनी सारखीच बिघडलेली असली, तरी दणकट पुरुषाचं क्रिएटिनिन १.५ दिसेल तेव्हा बारीक बाईचं एकच्या आतही दिसू शकतं. मेल्डने वाटप सुरू झाल्यावर अमेरिकेतही हेच आढळलं: आजार तेवढाच असून बायकांना गुण कमी मिळत, लिव्हर मिळायची शक्यता कमी, आणि यादीत मरण्याची जास्त. सूत्राने कोणाशी मुद्दाम दुजाभाव केला नव्हता. पण सरळ दिसणाऱ्या आकड्यातच तो दडलेला होता, आणि शोधायला बरीच वर्षं गेली.

आता आमच्या भागातली निंदण-खुरपण करणारी, कापूस वेचणारी मजूर बाई डोळ्यांपुढे आणा. चाळीस किलोच्या आतबाहेर वजन. सिऱ्होसिसमध्ये स्नायू आणखी झडतात. पोट पाण्याने फुगलेलं आणि दंड काडीसारखे. तिचं क्रिएटिनिन ०.९ येतं, कागदावर त्याच्यापुढे नॉर्मल लिहिलेलं असतं, आणि किडनी चांगली आहे म्हणून सगळे निश्चिंत. तिच्या बाबतीत ०.९ ला निश्चिंत व्हायचं कारण नाही. मागच्या महिन्यात ०.५ होतं का, हे बघायचं. ०.५ वरून ०.९ म्हणजे जवळपास दुप्पट. नॉर्मलच्या आत राहूनही तिची किडनी खाली आलेली असू शकते.

यावर काम करणाऱ्यांत कामथ यांचेच जुने सहकारी डॉ. रे किम पुढे होते. २००८ मध्ये त्यांनी आणि इतरांनी दाखवलं की रक्तातलं सोडियम कमी असेल तर धोका मेल्ड सांगतो त्याहून जास्त असतो. पोटात पाणी साचतं तेव्हा शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं, म्हणजे मेल्डमधून सुटलेल्या त्या पोटातल्या पाण्याची खबर सोडियम देतं. २०१६ पासून अमेरिकेत सोडियम हिशेबात आलं. मग २०२१ मध्ये मेल्ड ३.० मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये तिथे लागू झालं. त्यात सोडियम आहे, अल्ब्युमिन म्हणजे लिव्हर बनवतं ते रक्तातलं एक प्रथिन आहे, आणि बाई असेल तर १.३३ गुण जास्त धरले आहेत. क्रिएटिनिनची वरची मर्यादाही चारवरून तीनवर आणली.

फरक किती पडतो ते बघा. एका बाईचं बिलिरुबिन ३, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १, सोडियम १२८, अल्ब्युमिन २.५. जुन्या सूत्राने मेल्ड १७ येतो. ३.० ने २५ येतो. तेच रक्त, तीच बाई. म्हणून मोबाइलवर हिशेब करताना कोणतं सूत्र वापरतोय ते तपासा, आणि तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सोडियम आणि अल्ब्युमिनही लिहा असं म्हणायला संकोचू नका. दोन्ही तपासण्या महाग नाहीत.

आकडा फसवतो अशा काही जागा आमच्या भागात खास आहेत, त्या लॅबच्या बाजूने सांगते. पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आहे. सिकलसेलचा आजार असलेल्याच्या लाल पेशी लवकर मोडतात, त्यामुळे लिव्हर ठीक असूनही बिलिरुबिन चढलेलं आणि डोळे कायम पिवळसर असू शकतात. अशा वेळी रिपोर्टात डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन भाग बघायचे. वाढ मुख्यतः इनडायरेक्टची असेल तर ती पेशी मोडल्याची खूण असू शकते. त्या माणसाला मेल्डचं सूत्र लावून घाबरवू नये. आयएनआरचंही तसंच. हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तो औषधाने वाढलेला असतो. बरेच दिवस खाणं सुटलं असेल, पित्ताची वाट अडून कावीळ झाली असेल, तर व्हिटॅमिन केच्या अभावानेही वाढतो. अशा अभावात व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन पुन्हा तपासला की खरं काय ते कळतं.

आणि नमुना. आयएनआरसाठी निळ्या झाकणाची नळी असते, तिच्यात औषध आधीच भरलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच नळी भरली तर औषधाचं प्रमाण जास्त होतं आणि आयएनआर उगाच वाढलेला येतो. अशी नळी आली की आम्ही पुन्हा रक्त मागतो. लोक चिडतात, पण ते करावंच लागतं. बिलिरुबिन उजेडात मोडतं. मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या हँडलला अडकवून आणलेल्या पिशवीतल्या नमुन्यात ते खऱ्यापेक्षा कमी दिसेल, आणि घरी आनंद होईल. क्रिएटिनिन पुष्कळ लहान लॅबमध्ये जाफे नावाच्या जुन्या पद्धतीने मोजतात. रक्त फार पिवळं असेल तर त्या पद्धतीत क्रिएटिनिन कमी भरतं. एन्झायमॅटिक पद्धतीत ही अडचण कमी. कावीळ खूप चढलेली असेल तर लॅबला पद्धत विचारा, विचारण्यात वावगं काही नाही. आणि शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच दिवशी, एकाच लॅबमधून करा. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या तारखांचे आकडे जोडून काढलेला मेल्ड भरवशाचा नसतो.

एवढं कळल्यावर जायचं कधी? मेल्ड १५ च्या आसपास आला की लिव्हर बदलणाऱ्या केंद्राचा सल्ला घ्यावा, असं साधारण मानतात. १५ च्या खाली ऑपरेशनचा धोका आजाराच्या धोक्यापेक्षा जास्त ठरतो, वर गेलं की पारडं फिरतं. पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा एकदा बेशुद्धी आली असेल, तर आकडा १२ असला तरी जावं. मेल्ड या गोष्टी मोजत नाही. सल्ला घेणं म्हणजे ऑपरेशन करणं नव्हे. दारू सोडल्यावर काही महिन्यांत मेल्ड खाली येऊन ऑपरेशनची गरजच न उरलेले लोक आहेत. हिपॅटायटिस बी आणि सीची औषधं राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात, २०१८ पासून. आमच्याकडे मात्र माणसाला नागपूरला नेतात तेव्हा मेल्ड तिशीत गेलेला असतो, आणि मग डॉक्टर काही करत नाहीत अशी तक्रार उरते.

आपल्याकडे रांगेचा प्रश्न अमेरिकेसारखा नाही, कारण रांगेत द्यायला लिव्हरच फार थोडी आहेत. मेंदू मृत झालेल्यांचं अवयवदान भारतात कमी. विदर्भापुरतं ते नागपूरच्या झेडटीसीसी या समन्वय केंद्रातून चालतं. देशात बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाच्या लिव्हरचा भाग काढून होतात. १९९४ चा कायदा आणि नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं ही जवळची नाती. बाहेरच्या कोणी द्यायचं म्हटलं तर समितीची परवानगी लागते. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं, काही आठवडे-महिन्यांत ते मूळ आकाराच्या जवळ जातं. पण देणं बिनधोक नाही. उजवा मोठा भाग देणाऱ्यांमध्ये जिवाला धोका हजारी दोन ते पाच इतका सांगतात. आणि भारतात देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते; तीच आजारी पडली की घरात दाता सापडत नाही. सूत्राने तिला गुण कमी दिले, आणि घरातही तिचीच बाजू उणी राहिली. सूत्र तरी सुधारलं.

खर्च लाखांत जातो. त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा हे मार्ग आहेत, पण कागद जमवायला वेळ लागतो. मेल्ड पंधरा-सोळाच्या घरात असताना तो वेळ हाताशी असतो. तोवर तपासणी किती दिवसांनी करायची याचाही अमेरिकेतल्या यादीचा ठोकताळा आहे: २५ किंवा वर असेल तर दर आठवड्याला, १९ ते २४ ला महिन्यातून एकदा, ११ ते १८ ला तीन महिन्यांनी. आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकावं. प्रत्येक खेपेचा कागद जपून ठेवा, तारीख दिसेल असा. वहीच्या एका पानावर पाच रकाने पाडा: बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम, अल्ब्युमिन. बाईची वही असेल तर तिचं सगळ्यात जुनं क्रिएटिनिन वर ठळक लिहा, म्हणजे नवा रिपोर्ट घेऊन गेल्यावर डॉक्टरांना ०.९ च्या शेजारी तिचं ०.५ दिसेल.